तलावाच्या गळतीबद्दल

प्रिय व्हर्नाताई,

तुझ्या गुडघ्यांना फिनिक्सची कोरडी हवा मानवली असेल, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि शेजारणीशी धरलेला अबोला एव्हाना सुटला असेल असं धरून चालतो. (सुटला नसेल तर चूक तिचीच असणार, त्यात मी पडत नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे डीनाच्या हॉस्पिटलमधल्या पाळ्या चालू आहेत, तिची रेलिन उंचीने माझ्या खांद्याला लागली आहे, आणि मी श्वास घेतोय. फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "हार्लन, मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या खेपेला मुद्द्यावर यायला मला फार लांबून वळसा घालून यावं लागणार आहे. तेव्हा चष्मा लाव, कॉफी घे आणि मधे बोलू नकोस.

आपल्या पार्कातली ती चौकोनी हिरवळ तुला आठवत असेलच. तुला आठवतो तो पोहण्याचा तलाव. आम्हा राहिलेल्यांना हिरवळ. तिच्या एका कडेला जुन्या शिडीचे दोन वाकवलेले दांडे अजून जमिनीतून वर आलेले आहेत. लग्न ठरलेली जोडपी त्यांना टेकून फोटो काढतात. (कुत्री वेगळ्या कामासाठी जातात.) साठ वर्षांत त्या दांड्यांबद्दल गावात कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. यंदा आठवीला इतिहास शिकवायला टिलरीबाई आल्या. ओडेसा टिलरी. तू त्यांना ओळखत नाहीस, तू गाव सोडलंस तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. पण त्यांची माणसं डेपो स्ट्रीटवरची, तिकडे काळ्यांची वस्ती होती तिथलीच. बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून या, की पार्कातली ती शिडी कुठे उतरते?

आमच्या घरातला सगळ्यात वयस्कर माणूस मीच. बुधवारी डीनाची रात्रपाळी असते म्हणून रेलिन जेवायला माझ्याकडे येते. मी ओव्हनमध्ये खिमा भाजला होता (लुअॅनच्या पद्धतीने, ती गेल्यापासून तेवढा एकच पदार्थ मला बिघडवता येत नाही), आणि पोरीने प्रश्न विचारल्यावर मी खूश झालो. कारण ती गोष्ट माझ्या आवडीची आहे, ताई. तुझ्यासमोर मी ती कधी सांगितली नसेल, पण इतर सगळ्यांना सांगितली आहे. डीनाच्या लग्नात सांगितली, बाबांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभा राहून सांगितली. मी सहा वर्षांचा, शनिवारची सकाळ, बाबांचा सिमेंटचा नवा मोठा ट्रक. बाबा मांडीवर घेणाऱ्यांतले नव्हते हे तुला मी काय सांगू! पण त्या दिवशी त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं, माझा हात दांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ओढ, पहिलवान." मी ओढली. करड्या सिमेंटची धार रिकाम्या तलावात पडली आणि गावातली मोठी माणसं टाळ्या वाजवायला लागली. नंतर मला दोन गोळ्यांचं आइस्क्रीम मिळालं. बाबांनी मला तेव्हा जसं जवळ घेतलं तसं पुढे कधीच घेतलं नाही.

हे सगळं मी रेलिनला रंगवून सांगितलं. तिने विचारलं, तलाव भरला कशाला? मी म्हटलं, गळती होती. ती म्हणाली, गळती असली तर भोक बुजवतात, अख्खा तलाव कशाला बुजवतील? मी म्हटलं, मोठी गळती होती. आणि मग गोष्ट आणखी सुंदर व्हावी म्हणून (हा माझा जन्मजात रोग आहे) मी तिला ती शेवटची बारीक गोष्ट सांगितली, जी मी नेहमी सांगतो: आमचा ट्रक इतका झकास होता की कुंपणाबाहेर डेपो स्ट्रीटची काळी पोरं रांगेने उभी राहून बघत होती, एकेकाच्या गळ्यात टॉवेल, आणि मी वरून त्यांना हात केला.

रेलिनने घास गिळला. म्हणाली, "आजोबा, ट्रक बघायला कुणी टॉवेल घेऊन येतं का?"

एवढंच. तिने पुढे खिमा मागून घेतला, त्यावर सॉस ओतला आणि शांतपणे जेवली. बाईंनी वर्गात सांगितलं होतं म्हणे, की आदल्याच शुक्रवारी कोर्टाचा निकाल आला होता, तोवर फक्त गोऱ्यांचा असलेला तलाव सोमवारपासून सगळ्यांना खुला. पोरीला त्यात अवघड काही वाटलं नाही, बेरीज करावी तशी तिने केली आणि मोकळी झाली. मी मात्र माझ्या ताटाकडे बघत बसलो. तो टॉवेल मी साठ वर्षं गोष्टीत घालत होतो, ताई, आणि तो तिथे कशाला आहे हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी माझं ताटही रेलिननेच संपवायला घेतलं, पण तेवढ्यात डीना तिला न्यायला आली.

इथपर्यंत मी फक्त मूर्ख होतो. पुढचं ऐक.

सकाळी पेट्रोल पंपामागच्या टेबलावर आमची म्हाताऱ्यांची कॉफी असते. गेलन स्कॅग्जने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काय रे, काल काय झालं?" मी गृहपाठाचं सांगितलं. गेलनने कप खाली ठेवला. आपल्या राज्यात आता कायदा आहे, तुमच्याकडे आहे की नाही मला ठाऊक नाही: शाळेत असं काही शिकवायचं नाही ज्याने मुलाला आपल्या वंशापायी लाज वाटेल, अपराध्यासारखं वाटेल, अस्वस्थ व्हायला होईल. गावातल्या कुणीही तक्रार केली की चौकशी. गेलन म्हणाला, "पोर जेवली तरी का?" आणि मी म्हणालो, "ताटातलं अन्न तसंच राहिलं." हे अक्षरशः खरं आहे. कुणाच्या ताटातलं, ते मी बोललो नाही.

का बोललो नाही ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही. आदल्या संध्याकाळपासून माझ्या छातीवर धोंडा होता आणि गेलनने तो उचलून टिलरीबाईंच्या डोक्यावर ठेवला. इतकं हलकं वाटलं मला! चूक माझी नाही, बाबांची नाही, गावाची तर नाहीच, चूक गृहपाठाची. दुपारपर्यंत गेलनच्या बायकोने, म्हणजे वांडावहिनींनी, तक्रार टाइप करून आणली आणि मी खाली सही केली. 'अल्पवयीन मुलीने अन्न टाकले' असं त्यात लिहिलं होतं. रेलिनने आयुष्यात अन्न टाकल्याचं मला आठवत नाही, ती फ्रीजमधलं लोणीसुद्धा नुसतं खाते.

शाळा मंडळाची सभा व्यायामशाळेत भरली, कारण नेहमीच्या खोलीत माणसं मावेनात. वांडावहिनी आणि त्यांच्या मैत्रिणी एकसारखे पिवळे शर्ट घालून पुढे बसल्या होत्या. टिलरीबाई भिंतीजवळ एकट्या, मांडीवर पर्स. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. आता तू हे विसरू नकोस की शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यांना मैदानाच्या लाउडस्पीकरवर माझाच आवाज असतो. मी माईकसमोर आलो की लोकांना आपोआप टाळ्या सुचतात. मी नाव सांगितलं तर मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग मला जोर चढला. मी सांगितलं की तलावाला गळती होती, मी स्वतः तिथे हजर होतो, माझ्या वडिलांनी गावाच्या भल्यासाठी तो बुजवला, आणि आज एका निष्पाप पोरीच्या तोंडचा घास या शिक्षणाने काढून घेतला. (तोंडचा घास! हे मला ऐनवेळी सुचलं.) लाल दिवा लागून गेला तरी अध्यक्षांनी मला थांबवलं नाही. मी जागेवर येईपर्यंत माझी पाठ थोपटून थोपटून लाल झाली होती.

त्यानंतर पुढचं नाव पुकारलं गेलं ते रेलिनचं. मायलेकी मागच्या दाराजवळ उभ्या होत्या, मला पत्ताच नव्हता. पोरीने माईक खाली ओढला, तो किंचाळला, आणि ती म्हणाली, "ती निष्पाप पोर मी. मी जेवले होते. दोनदा वाढून घेतलं होतं. आजोबा जेवले नाहीत." हशा पिकला. ती थांबली, हसू संपायची वाट बघितली, आणि म्हणाली, "कायदा मुलांना वाईट वाटू नये म्हणून आहे ना? मला नाही वाटलं. आजोबांना वाटलं. पण ते आठवीत नाहीत." यावर तर अध्यक्षसुद्धा हसले. एक पिवळा शर्टही हसला, मी पाहिलं. मला वाटलं, चला, माझी फजिती झाली, पण निदान बाई सुटल्या.

तू इथे असतीस तर तुला असं वाटलं नसतं, तुला हे गाव माझ्यापेक्षा बरं कळतं. हसून झालं, डोळे पुसून झाले, आणि मग मंडळाने हात वर करून ठराव केला: चौकशी होईपर्यंत टिलरीबाईंनी वर्गावर जायचं नाही. नोकरीवर ठेवायचं की काढायचं ते पुढच्या सभेत. तोवर त्या शाळेच्या गोदामात जुनी पुस्तकं लावत बसल्या आहेत. डीना माझ्याशी कामापुरतं बोलते. रेलिन तेवढंही बोलत नाही; बुधवारी ती आता शेजाऱ्यांकडे जेवते.

आणि मी गावाचा हीरो झालो. तुला इथली पद्धत माहीत आहे: माणूस मेला, जन्मला किंवा जिंकला की बायका ओव्हनमधली भांडी घेऊन दाराशी येतात. माझ्या दाराशी इतकी आली की फ्रीज मिटेना. बटाटा आणि चीज, मका आणि चीज, कोंबडी आणि चीज. प्रत्येक भांड्याबरोबर "शाब्बास, हार्लन!" मी झाकण उघडायचो आणि परत लावायचो. एका बाईची नोकरी घालवायला निघाल्याबद्दल आलेला बटाटा कसा खायचा, ताई? पण टाकायचाही कसा? आईने आपल्याला तसं शिकवलेलं नाही. शेवटी माझ्या सुपीक डोक्यात आलं की टिलरीबाईंकडे जाऊन माफी मागावी; आणि माफी मागायला रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. म्हणून त्यातलंच एक न उघडलेलं भांडं उचललं आणि गेलो.

हो. तू आता डोक्याला हात लावला असशील. मलाही तो त्यांच्या दारातच लावावा लागला. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, आणि कुठलीही गृहिणी करते तसं ते सहज उचलून खाली बघितलं. आपल्या चर्चच्या बायका भांडं परत यावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहितात, हे मला पुरुषमाणसाला कसं आठवणार! बुडाला लिहिलं होतं: वांडा स्कॅग्ज.

"स्टकीसाहेब," बाई म्हणाल्या, "मला काढल्याच्या आनंदात वांडाबाईंनी केलेला बटाटा तुम्ही मलाच घेऊन आलात?"

मी म्हणालो, "हो, पण मी त्याला हात लावलेला नाही." (माझ्या तोंडून हेच निघालं. तीन मिनिटं न थांबता बोलणारा माणूस मी.)

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दारात उभं राहूनच त्यांनी मला सांगितलं की त्यांची आई अजून आहे, आत झोपली आहे, आणि सोमवारपर्यंत धीर न धरवल्याने त्या शनिवारीच ती टॉवेल घेऊन कुंपणापाशी उभी होती. दहा वर्षांची. "आईला तुम्ही आठवता," त्या म्हणाल्या. "वर बसून हात हलवणारा पोरगा. ती म्हणते, इतकं आनंदी पोर मी पाहिलं नव्हतं. तिनेही तुम्हाला हात केला होता." मग बाई म्हणाल्या, "तिला वाटलं, ट्रकमध्ये पाणी आहे. तलाव भरायला आणलंय. सोमवारची तयारी."

ताई, मी गाडीत येऊन बसलो. मला लाज वाटते. या वयात माणसाला लाज वाटते ती धाप लागल्यासारखी, पायऱ्या न चढताच. ती पोर पाणी येतंय म्हणून हात करत होती, आणि त्या हाताची मी साठ वर्षं ट्रकच्या कौतुकात जमा केली. आणि टॉवेल कशासाठी होते हे कळल्यावरही, कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी जाऊन तिच्याच मुलीविरुद्धच्या तक्रारीवर सही केली. हे दुसरं सहा वर्षांच्या मुलाने केलेलं नाही.

बाकी फजितीही पूर्ण झाली म्हणून कळवतो. दुसऱ्याचं भांडं घासून परत करायचं असतं. टिलरीबाई संस्कारी बाई, त्यांनी ते चकाचक घासून स्वतः वांडावहिनींच्या दारात नेऊन दिलं आणि म्हणाल्या, "हार्लन स्टकी माफी मागायला आले होते, तेव्हा विसरले." त्या दिवसापासून पेट्रोल पंपामागे माझी खुर्ची भरलेली असते. गेलन मला बघून पेपर वर धरतो, तोही उलटा. माझी तक्रार मागे घ्यायला मी शाळेच्या कचेरीत गेलो तर तिथला वकील म्हणाला, आता ती तुमची राहिलेली नाही, मंडळाची झाली. फ्रीज मात्र अजून भरलेला आहे.

तर असं चाललंय. तब्येतीला जप, डोळ्यात थेंब वेळेवर घाल. शेजारणीला माझा नमस्कार सांग, म्हणजे निदान बोलायला निमित्त होईल.

तुझा धाकटा,
हार्लन

ता. क. हे सहज सुचलं म्हणून लिहितो. त्या उन्हाळ्यात तलावावर जीवरक्षक तूच होतीस. गळ्यात शिटी घालून रोज तूच पाण्याची पातळी बघायचीस. गळती होती की नव्हती हे शपथेवर सांगू शकेल असं जिवंत माणूस गावाला एकच उरलं आहे, आणि ते फिनिक्सला बसलं आहे. पुढच्या सभेला येशील का? विमानतळावर मी घ्यायला येतो, डीना तुला तिची खोली देईल. नुसती उभी राहून एवढं म्हण की गळती नव्हती. त्या दिवसानंतर तू बाबांशी जेवणाच्या टेबलावर का बोलत नव्हतीस आणि पुढच्या वर्षी गाव का सोडलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज नाही.

ता. क. २. वरचं खोडायचं होतं, पण तसंच ठेवतो, तुझा भाऊ कसा आहे ते तुला कळावं. डीनाची चिठ्ठी द्यायला रेलिन आली होती, दारातूनच जाणार होती. मी तिला हे सगळं वाचायला दिलं. तिने उभ्याने वाचलं आणि माझ्याशी कित्येक दिवसांनी बोलली. म्हणाली, "आजोबा, खोटं तुम्ही बोललात आणि खरं बोलायला म्हाताऱ्या आजीला विमानात बसवता?" (म्हातारी हा तिचा शब्द, माझा नाही.) तेव्हा येऊ नकोस. बोलणाऱ्यांत मी माझंच नाव दिलं आहे. गेलनच्या लगेच नंतर आहे, म्हणजे टाळ्या आधीच संपलेल्या असतील.

ता. क. ३. तीन मिनिटांचं लिहायला बसलो आहे. पहिलं वाक्य झालं: तलावाला गळती नव्हती आणि मी खोटं बोललो. दुसरं वाक्य 'तो ट्रक' इथे अडलं आहे, कारण पुढे बाबांचं नाव येतं. या गावातल्या प्रत्येक पोराचं नाव मी त्या मैदानावर ओरडून घेतलं आहे, पण हे एक नाव कागदावरच हात धरतं. ते माझ्या एकट्याचे बाबा नव्हते, म्हणून तुला विचारतो: घेऊ का? तू नाही म्हणालीस तरी घेणार आहे, ताई. पण तू हो म्हण.